गव्हाणीतली जागा

नाताळ सरला की ठिकठिकाणच्या नाताळ मेळाव्यांचे वृत्तान्त आमच्या नियतकालिकांतून येऊ लागतात. कार्यक्रम उत्साहात पार पडला, मान्यवर उपस्थित होते, अल्पोपाहाराने सांगता झाली, अशा तीन वाक्यांत बहुधा सारे आटोपते. आम्हीही आजवर असेच वृत्तान्त लिहून धाडले आहेत. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या धर्मग्रामात साहित्यिक मित्रांचा जो नाताळ मेळावा झाला, त्याविषयी लिहायला बसलो तेव्हा लेखणी अडली. त्या मेळाव्यात जे घडले, त्याच्या मुळाशी आमची एक चूक होती. ती वगळावी तर वृत्तान्त खोटा ठरेल. म्हणून वृत्तान्त बाजूला सारून घडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्या जिल्ह्याची म्हण बाहेरच्यांना थट्टेची वाटते. येथील माणूस ती अर्ध्या विनोदाने आणि अर्ध्या अभिमानाने उच्चारतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची ही काळी जमीन. ज्वारी आणि कापूस ही तिची जुनी पिके, अलीकडे सोयाबीनही आले. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पण शेतीइतकीच येथे शब्दांचीही मशागत झाली आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता ज्यांनी अभंग रचले त्या संत जनाबाई गंगाखेडच्या. निजामाच्या राज्यात सरकारी कचेरीत कारकुनी करीत कविता आणि कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) याच जिल्ह्यातील सातोन्याचे.

ख्रिस्ती वस्ती मात्र येथे तुरळक. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात आमचा जिल्हा मोडतो. गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचे लहानसे ख्रिस्तमंदिर आहे आणि त्याच्या आधाराने राहणारी साठेक कुटुंबे. कोणी गवंडी, कोणी परिचारिका, कोणी शाळेत शिपाई. दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारी कुटुंबेही त्यांत आहेत. त्यांचा नाताळ फडावरच्या कोपीत साजरा होतो आणि त्यांची मुले आजीजवळ नाही तर काकाकाकूंजवळ मागे राहतात. मध्यरात्रीच्या मिस्सेला आमच्या मंदिरात म्हणूनच आईबापांपेक्षा मुले आणि म्हातारी माणसे अधिक दिसतात.

येथील सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दहाबारा लिहिती माणसे जमतात. त्यांच्या मंडळाला ना घटना ना नोंदणी. मराठीचे एक निवृत्त शिक्षक हे सर्वांचे ‘सर’. एसटीतील एक वाहक गझला लिहितात. घड्याळदुरुस्तीचे दुकान चालविणारे एक चाचा उर्दूत आणि मराठीत सारख्याच सहजतेने रचना करतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक बाई आहेत, आणि तालुक्यापासून दहा किलोमीटरवर पाच एकर शेती कसणारे एक शेतकरी कवी. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा सर मंडपाच्या दाराशी स्वयंसेवक म्हणून उभे होते. त्या संमेलनाचे अध्यक्ष कविवर्य नारायण सुर्वे. जन्मल्याबरोबर रस्त्याने सांभाळलेले आणि पुढे गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने घरी नेऊन वाढविलेले ते बाळ एके दिवशी मराठी सारस्वताच्या अध्यक्षपदी बसले, ही गोष्ट सर आजही गहिवरून सांगतात.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे झालेल्या संमेलनाचे अध्यक्षपद आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले. ही मंडळी एसटीने तेथे जाऊन आली होती. पुढे करोनाचे संकट जरा ओसरल्यावर २०२१ च्या डिसेंबरात सर आमच्याकडे आले. मंदिराच्या फाटकावरील फलकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “फादर, तुमचे दिब्रिटो इतके सुंदर मराठी लिहितात. मग तुमचा नाताळ इंग्रजीत का बोलतो?” फलकावर ‘मेरी ख्रिसमस’ असे लिहिलेले होते. आम्ही त्यांना आत नेले, चहा दिला आणि सांगितले की ख्रिस्तजन्माची कथा मराठीत येऊन चारशे वर्षे उलटून गेली आहेत. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीसारख्या अस्सल देशी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आहे. सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मग एक संध्याकाळ आम्हांला द्या.”

अशा रीतीने हा मेळावा सुरू झाला. नाताळानंतरच्या रविवारी सायंकाळी मंदिरालगतच्या सभागृहात सारे जमतात. आमच्या बायका करंज्या आणि शंकरपाळे आणतात. मंडळींत दोन माळकरी असल्यामुळे केक रव्याचा, बिनअंड्याचा. चाचांच्या घरून शीरखुर्मा येतो. आमची मुले नाताळगीते म्हणतात. या मेळाव्याचा गाभा मात्र एका टोपलीत असतो. भेटवस्तूंऐवजी प्रत्येकाने एक नवी कविता कागदावर लिहून, नाव न घालता, आधीच आमच्या कार्यालयात द्यावयाची. त्या साऱ्या चिठ्ठ्या टोपलीत घालून गव्हाणीपुढे ठेवायच्या. मग ज्याने त्याने एकेक उचलून मोठ्याने वाचायची. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडाने म्हणायचे, एवढाच नियम. टोपली सांभाळण्याचे काम आमच्याकडे.

गव्हाणीचे दृश्य उभारण्याचे काम त्या शेतकरी मित्रांनी आपण होऊन पत्करले होते. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस करतात. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून तिच्यात पूजा मांडतात आणि भज्जी-आंबिलीचे जेवण साऱ्या शिवाराला वाढतात. तशीच कोप ते आमच्या सभागृहात बांधून देत. स्वतःच्या कडब्याच्या पेंढ्या मोटरसायकलला बांधून आणीत. बेथलेहेमचा गोठा असा मराठवाडी झालेला पाहून आमच्या म्हाताऱ्या बायका हरखून जात.

२०२३ सालच्या मेळाव्याला विशेष निमित्त होते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या खेड्यात गवत, बैल आणि गाढव आणवून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, त्याला त्या नाताळात आठशे वर्षे झाली. आम्ही ती कथा सांगितली. सांगून झाल्यावर शेतकरी मित्र कोपीकडे पाहत हळूच म्हणाले, “लेकराला गव्हाणीत ठेवलं ते बरंच केलं. पण फादर, मग जनावरानं खायचं कुठं?”

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो, आणि मग सेमिनरीत शिकलेले सारे आठवून उत्तर दिले. बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचे घर. गव्हाणीत पहुडलेला तो बालक स्वतःच जगाचे अन्न व्हायला आला होता. पवित्र मिस्सेत तो आम्हांला भाकरीच्या रूपाने मिळतो. उत्तर चांगले रंगले. सरांनी मान डोलावली, टाळ्या पडल्या. प्रश्न विचारणारे गृहस्थ नम्रपणे हसले आणि काही बोलले नाहीत. आम्ही समजलो की त्यांचे समाधान झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याचे वर्णन वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेलच. गोदावरी फुगली, ओढे उलटे वाहू लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, कापसाची बोंडे झाडावरच सडली. कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. आमच्या ओट्यावर बसून माणसे पंचनाम्यांची आणि मदतीची वाट पाहत बोलत असत, तेव्हा आम्ही त्यांच्याशी चार शब्द बोलत असू. पण खरे सांगायचे तर आम्ही दमलो होतो. दोन महिने दुःखाच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. नाताळ जवळ आला तसे मनाशी ठरविले, की निदान ही एक संध्याकाळ निखळ आनंदाची व्हावी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कविता येऊ लागल्या. नावे नसली तरी इतक्या वर्षांच्या सहवासाने हस्ताक्षरे परिचयाची झाली होती. एका वहीच्या पानावर शेतकरी मित्रांचे ठसठशीत अक्षर होते. कविता सोयाबीनची. पाण्यात उभ्या असलेल्या शेंगांमध्येच दाण्यांना कोंब फुटले आहेत, असे तिच्या आरंभी होते. देवाचे नाव नव्हते, नाताळाचे तर नव्हतेच. आम्ही अर्धीअधिक वाचली, उरलेल्या ओळींवरून नजर फिरविली आणि मनात म्हणालो, सणाच्या दिवशी पीकबुडीचे गाऱ्हाणे कशाला? टोपलीतील चिठ्ठ्या आधी वाचून पाहण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला नव्हता. तो आम्ही घेतला. मोबाइलवरून त्यांना निरोप धाडला: ‘कविता उत्तम आहे, परंतु यंदाच्या टोपलीत तिला जागा नाही. कृपया एखादी आनंदाची पाठवावी.’

उत्तर आले नाही. दुसरी कविता आली नाही आणि दरवर्षीप्रमाणे कडबाही आला नाही. रागावले असावेत, असे आम्ही धरून चाललो, आणि त्या रागाचा आम्हांला थोडा रागही आला. आमच्या तरुणांनी बाजारातून थर्माकोलचा तयार गोठा आणला. तो पांढराशुभ्र होता, त्यात लुकलुकणारे दिवे होते. काम भागले.

चोवीस तारखेच्या रात्री मिस्सेपूर्वी आम्ही प्रवचनाची टिपणे चाळीत बसलो होतो. मरिया आणि योसेफ बेथलेहेमास पोहोचतात, तिचे दिवस भरतात आणि उतरायला ठिकाण नसल्यामुळे बाळाला गव्हाणीत निजवावे लागते, हे संत लूकने किती थोड्या शब्दांत सांगितले आहे! या वाक्यावर आम्ही तीस वर्षे प्रवचने देत आलो आहोत. दार न उघडणाऱ्या बेथलेहेमकरांना दर वर्षी दोन शब्द सुनावत आलो आहोत. त्या रात्री टिपणात आमच्याच हाताने लिहिलेले ‘जागा नाही’ हे दोन शब्द दिसले आणि ते दहाबारा दिवसांपूर्वी आपण कोणाला लिहिले होते, हे आठवले. बोट त्या ओळीवरच थांबले. बाहेर मुले गाणी म्हणत होती. घंटा झाली, आम्ही वेदीकडे गेलो. त्या रात्रीचे प्रवचन फार लहान झाले. लोकांना वाटले, फादरांचा घसा बसला असावा.

सव्वीस तारखेला सरांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही त्या गावी गेलो. वाटेत सरांना सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, रघुनाथांच्या वाट्यालाही जिवंतपणी फारशी दाद आली नाही. आपल्या जिल्ह्याला ही खोड जुनीच आहे.” त्यांनी आमच्या एकट्याच्या चुकीत साऱ्या जिल्ह्याला ओढले, हे त्यांचे सौजन्य.

घर शेताच्या कडेलाच होते. उशिरा पेरलेला हरभरा जेमतेम वीतभर आला होता. “या फादर, या सर, बसा,” म्हणत त्यांनी बाज पुढे ओढली. वहिनींनी कोरा चहा दिला आणि दूध नसल्याबद्दल दोनदा क्षमा मागितली. आम्ही जुळवून आणलेली क्षमायाचना सुरू केली. ती अर्ध्यावर थांबवून ते म्हणाले, “रागावलो नव्हतो फादर. तुम्ही आनंदाची मागितली होती. दोन रात्री बसलो. नाही आली. मग काय कळवायचं?”

“आणि कडबा?” सरांनी विचारले.

त्यांनी गोठ्यामागे नेले. कडब्याची गंजी खालून भिजून काळी पडली होती; हात लावला तर कुजका वास येत होता. दावणीला एकच बैल उभा होता. दुसऱ्या बैलाच्या जागी नुसता दोर लोंबत होता.

“एक इकला,” ते म्हणाले. “दोघांना पुरंल इतकं नव्हतं.”

आम्ही त्या रिकाम्या दोराकडे पाहत राहिलो. दोन वर्षांपूर्वीचा तो प्रश्न कानांत पुन्हा वाजला. जनावराने खायचे कुठे? आम्ही त्याचे उत्तर हिब्रू शब्दार्थाने आणि धर्मशास्त्राने दिले होते, आणि ते उत्तर खोटे नव्हते. पण ज्याने विचारले तो जन्मभर पहाटे उठून आधी गव्हाण भरणारा माणूस होता. तो वैरणीविषयीच बोलत होता. त्याच्या दृष्टीने योसेफाने बाळासाठी गव्हाण घेतली तेव्हा कोणा मुक्या जनावराने आपली जागा दिली होती, आणि त्याचीही कोणीतरी विचारपूस करायला हवी होती. आम्ही त्याच्या भोळ्या प्रश्नाला मोठे उत्तर दिले, असे समजून चाललो होतो. प्रत्यक्षात मोठा प्रश्न आम्ही लहान करून टाकला होता.

निघताना आम्ही एवढेच म्हणालो, “कविता टोपलीत घालतो. आणि कोप तुम्हीच बांधायची.” ते म्हणाले, “कडबा नाही, पण पऱ्हाट्या हायेत.”

अठ्ठावीस तारीख त्या वर्षी रविवारी आली. सकाळच्या मिस्सेत पवित्र कुटुंबाचा सण होता आणि शुभवर्तमानात हेरोदाच्या भीतीने लेकराला घेऊन रातोरात इजिप्तला निघालेल्या आईबापांची कथा होती. एरवी हीच तारीख बेथलेहेमात मारल्या गेलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणाची. ख्रिस्तसभेने नाताळाच्या आठवड्यातच रडणाऱ्या आयांना बसायला जागा ठेवली आहे. उपासनेचे हे पंचांग आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. आपल्या सभागृहाचा कार्यक्रम आखताना मात्र ते आम्हांला आठवले नव्हते.

दुपारीच ते पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आले. थर्माकोलचा गोठा उचलून ठेवला. वाळक्या, काटकुळ्या, काळपट पऱ्हाट्यांची कोप उभी राहिली. काही फांद्यांना बोंडांत अडकलेला कवडी कापूस अजून होता. दिवे लावण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. चाचा जवळ जाऊन पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “इसमें चमक कम है, मगर यह अपना है.”

संध्याकाळी टोपली फिरू लागली. दरवर्षी आमच्या मुलांपैकीही एकदोघांना चिठ्ठी उचलू देतात. या वेळी नववीतल्या एका मुलीने उचलली. तिचे आईवडील उसाच्या फडावर, ती आजीजवळ राहते. तिने कागद उलगडला. वहीचे पान आम्ही ओळखले. ती अडखळत, शाळेत धडा वाचतात तशी वाचू लागली. पाणी, शेंगा, शेंगांतले कोंब. मग त्या शेवटच्या ओळी आल्या, ज्यांवरून आम्ही नुसती नजर फिरविली होती. त्यांत शेतकरी त्या कोंबांशी बोलतो. तो म्हणतो, तुम्ही भलत्या वेळी आणि भलत्या ठिकाणी जन्मलात. तुमच्यासाठी माती तयार नव्हती. पण जन्मणाऱ्याला कोणी रागावते काय?

मुलगी थांबली. सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या संध्याकाळी वाचल्या गेलेल्या अकरा कवितांत नाताळाची खरी कविता तीच होती, हे उमगायला आम्हांला अठरा दिवस आणि एका मुलीचा आवाज लागला होता. कवीचे नाव विचारायचे नाही हा संकेत सर्वांनी पाळला. शेतकरी मित्र मागच्या रांगेत शंकरपाळे खात बसले होते.

आम्ही उठून आपली चूक सर्वांसमोर सांगितली. पापनिवेदन ऐकण्याची आम्हांला सवय आहे, करण्याची कमी. ते दोन मिनिटांत आटोपले. पुढच्या वर्षापासून टोपली वाचनालयात ठेवावी आणि कोणीही आत डोकावू नये, असेही सुचविले. सर म्हणाले, “टोपली इथेच राहू द्या फादर. आता ती जास्त सुरक्षित आहे.” त्यावर सारे हसले आणि शीरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागल्या. चाचांनी शेर म्हटले, वाहकांनी एसटीतल्या गमती सांगितल्या, मुलांनी पुन्हा गाणी म्हटली. आनंद कमी झाला असे कोणाला वाटले नाही. उलट मंडळी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बसली.

पांगापांग होताना ती मुलगी आमच्याजवळ आली. कवितेत बैलाचा उल्लेख नव्हता. पण आमच्या निवेदनात तो आला होता. “फादर,” ती म्हणाली, “पप्पांच्या फडावर वाढं लई पडतं. बैलांना तेच घालत्यात. पप्पांना फोन करू का?”

उसाच्या शेंड्याकडील हिरव्या पाल्याला वाढे म्हणतात. तोडणी करणारे ते आपल्या जनावरांना घालतात आणि उरलेले विकून चार पैसे मिळवितात. म्हणजे ती मुलगी आपल्या बापाच्या मिळकतीतला वाटा देऊ करीत होती. आम्ही काही बोलण्यापूर्वी तिने आजीचा मोबाइल घेऊन क्रमांक लावलाही होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या बाजूला येणाऱ्या एका ट्रॅक्टरमधून वाढ्याच्या मोळ्या शेतकरी मित्रांच्या घरी पोहोचल्या. त्या फार नव्हत्या. काही दिवस पुरतील इतक्याच. नंतर वाचनालयातील मंडळींनी वर्गणी काढून आणखी वैरण घेतली. त्यात आमच्या धर्मग्रामाचाही वाटा होता. विकलेला बैल परत आला नाही, बुडालेले पीकही नाही.

त्या आठवड्यात एके रात्री आमच्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला. यंदाच्या नाताळातील तेवढी एकच शुभेच्छा आम्ही अजून पुसलेली नाही. त्यांनी लिहिले होते: ‘बैल खातो आहे.’